धंदा रक्तात नसतो

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



मघाशी माझी ओळख करून देताना सांगितलं गेलं की कामगार आणि अर्थव्यवस्था एका उद्योगातून दुसऱ्या उद्योगात कशा जातात, यावर माझं पीएच.डी.चं काम चालू आहे. विषय ऐकूनच मागच्या रांगेत दोन-तीन मोबाइल बाहेर आले. हरकत नाही. मी पुस्तकापासून सुरुवात करत नाही, आपल्या हजेरीपटापासून करतो.

सकाळी नावनोंदणीची यादी पाहिली. बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, मोमीन, शिकलगार, पिंजारी, नदाफ. बाहेरच्या माणसाला यात आडनावं दिसतील, मला उद्योगांची यादी दिसते. फळं-भाजी विकणारे, विड्याची पानं विकणारे, अत्तर विकणारे, बांगड्या भरणारे, कापड विणणारे, हत्यारांना धार लावणारे, कापूस पिंजणारे. आता मला सांगा, इथले किती पिंजारी कापूस पिंजतात? (हशा) एकही हात वर नाही. काहींच्या घरी गादीचं दुकान असेल, पण त्यातही आता फोम विकला जातो. उद्योग गेला, नाव राहिलं. बागवान मंडळींचं मात्र वेगळं, मार्केट यार्डात त्यांचे गाळे अजून आहेत.

म्हणजे शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन घरांतला एक धंदा टिकतो आणि दुसरा संपतो. संपलेल्या धंद्यातला माणूस मग जातो कुठे? त्याला तिथे कोण नेतं? आणि तिथे गेल्यावर त्याचं बरं होतं की वाईट? माझा अख्खा प्रबंध या तीन प्रश्नांचा आहे.

पाठ्यपुस्तकातलं उत्तर छोटं आहे. आधी बहुतेक लोक शेतीत असतात, मग कारखान्यात जातात, मग सेवाक्षेत्रात. कॉलिन क्लार्क यांनी 1940 मध्ये वेगवेगळ्या देशांचे आकडे जमवून हा क्रम मांडला, पुढे सायमन कुझनेट्स यांनी तो पक्का केला. 1954 मध्ये आर्थर लुईस यांनी विचारलं की माणसं एका क्षेत्रातून दुसऱ्यात जातात ती नेमकी का. त्यांचं म्हणणं असं : ज्या कामात गरजेपेक्षा जास्त माणसं अडकून पडलेली असतात, तिथली माणसं थोड्या जास्त मजुरीवर बाहेर निघतात, आणि ही जास्तीची माणसं संपेपर्यंत मजुरी फारशी वाढत नाही. अनेक पुस्तकांत लुईस म्हणजे ‘शेतीतून कारखान्यात’ एवढंच छापलेलं असतं. मूळ निबंधात मात्र ते बंदरावरचे हमाल, छोटे दुकानदार, घरगडी यांच्याबद्दलही बोलतात. बोटीतून प्रवासी उतरला की त्याची बॅग उचलायला धावणारी पोरं त्यांना दिसली होती. आपल्या मोहल्ल्याच्या नाक्यावर जे दिसतं, तेच.

लुईस यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती आजच्या विषयाला धरून आहे. ते वेस्ट इंडीजमधल्या सेंट लुशिया बेटावरचे, कृष्णवर्णीय. त्यांना व्हायचं होतं इंजिनिअर. पण तिथलं वसाहती सरकार किंवा गोऱ्यांच्या कंपन्या काळ्या इंजिनिअरला नोकरी देत नसत, म्हणून तो विचार त्यांनी सोडला. पुढे 1979 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. इंजिनिअरिंगचं राहून गेलं ते रक्तातल्या कुठल्या गुणामुळे नाही. समोरचं दार बंद होतं.

भारतात हा पुस्तकी क्रम नीट चाललेला नाही. सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार 2018-19 मध्ये देशातले 42.5 टक्के कामगार शेतीत होते. 2023-24 मध्ये ते प्रमाण 46.1 टक्के झालं. माणसं शेतीतून बाहेर पडायच्या ऐवजी लॉकडाऊनच्या काळात परत गेली आणि पुरती बाहेर आलीच नाहीत. कारखानदारीतलं प्रमाण 11-12 टक्क्यांच्या आसपास रेंगाळलं आहे. डॅनी रॉड्रिक यांनी 2016 मध्ये दाखवलं की हे एकट्या भारताचं नाही. आजचे गरीब देश श्रीमंत होण्याआधीच कारखानदारीतून बाहेर पडू लागले आहेत. युरोपात शेतकऱ्याच्या मुलाला गिरणी मिळाली होती. आपल्याकडे शेतकऱ्याच्या मुलाला डिलिव्हरीची पिशवी मिळते.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्या समाजाबद्दल एक वाक्य बाहेरही ऐकू येतं आणि घरातही : धंदा यांच्या रक्तात आहे, नोकरी यांना जमत नाही. बाहेरचे हे जरा कुत्सितपणे म्हणतात, आपले बुजुर्ग अभिमानाने म्हणतात. वाक्य एकच आहे. त्याला आधार म्हणून सच्चर समितीचा आकडा दिला जातो. समितीचा अहवाल नोव्हेंबर 2006 मध्ये आला. त्यानुसार मुस्लिम कामगारांपैकी 61 टक्के स्वयंरोजगारात होते आणि हिंदू कामगारांपैकी 55 टक्के. स्त्रियांमध्ये हा फरक आणखी मोठा, 73 आणि 60. शहरांत नियमित पगारी काम करणाऱ्यांचं प्रमाण मुस्लिमांमध्ये 27 टक्के होतं. अनुसूचित जाती-जमातींमध्ये तेच 40 टक्के होतं.

स्वयंरोजगार हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे गल्ल्यावर बसलेला सेठ येतो. या 61 टक्क्यांत तो आहेच. पण घरात बसून मणी ओवणारी, जरी लावणारी, नगावर पैसे घेणारी खालाही याच खात्यात मोजली जाते. तिच्याकडे भांडवल नाही, गिऱ्हाईक नाही, भाव ठरवायचा अधिकार नाही. सरकारी वहीत ती ‘स्वतःच्या उद्योगाची मालक’ आहे. तिच्या रक्तात धंदा आहे असं कुणी म्हणालं, तर ती काय म्हणेल ते तुम्हीच तिला जाऊन विचारा.

तर मग हे 61 टक्के आले कुठून? हे समजायला एका धंद्याचा पाठलाग करावा लागतो. मी विणकामाचा करतो आहे.

मालेगाव आणि भिवंडीचे मोमीन उत्तर प्रदेशातून आले हे तुम्हाला माहीत आहे. मऊ, आझमगड, बनारस, अलाहाबाद या भागांतून 1857 नंतर आणि पुढे दुष्काळांच्या काळात विणकर कुटुंबं दक्षिणेकडे निघाली. विलायती कापडाने तिकडचं मार्केट आधीच खाल्लं होतं, त्यात बंडानंतरची धरपकड. आग्रा रोडने चालत ही माणसं बुऱ्हाणपूर, धुळे, मालेगाव, भिवंडी अशी पसरली. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांनी गाव बदललं, पण धंदा बदलला नाही. उलट धंदा टिकवण्यासाठी गाव बदललं.

इथे त्यांना गिऱ्हाईक मिळालं ते मराठी बाई. गिरणीला साधं कापड स्वस्तात काढता येत होतं, पण रंगीत सुताची, वेगळ्या काठाची लुगडी हातमागावर सरस निघत. विणणारा मोमीन, नेसणारी खानदेशातली शेतकरीण, मधे व्यापारी. डग्लस हेन्स या इतिहासकाराचं 2012 मधलं एक पुस्तक आहे, पश्चिम भारतातल्या छोट्या शहरांमधल्या कारागिरांच्या भांडवलशाहीवर. त्यात भिवंडी, मालेगाव, सोलापूर, सुरत सगळे आहेत. हातमाग इंग्रजांच्या काळात मेला आणि विषय संपला, ही आपण शाळेत शिकलेली गोष्ट ते पुस्तक वाचून टिकत नाही. विणकर मेला नाही, त्याने स्वतःला बदललं. वीज आली तशी 1930 च्या दशकापासून या गावांमध्ये गिरण्यांनी टाकून दिलेले जुने माग येऊ लागले. हातमागवाल्यांमधल्याच काहींनी ते घेतले आणि मोटर लावली. यंत्रमागाचा कारखानदार असा विणकराच्या घरातूनच निघाला. आणि त्याच घरातला दुसरा भाऊ त्याच्याकडे मजूर झाला, हेही तिथूनच सुरू झालं.

दुसरी वाट मुंबईच्या गिरणीची. गिरणीत उत्तरेकडचे जुलाहे आले ते थेट विणाई खात्यात. कारण तिथे आधीच त्यांची माणसं होती. जॉबर ओळखीचा, खोली ओळखीच्याची, खाणावळ आपली. विणाई खातं हे गिरणीतलं बऱ्या मजुरीचं खातं. आणि या खात्यात दलितांना घेतलं जात नसे. धोट्यात नवी कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. त्यात विटाळ होतो, हे कारण. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न काढला होता. मी हे मुद्दाम सांगतो आहे. ओळखीच्या ज्या साखळीने आपल्या माणसाला आत नेलं, ती साखळी त्याच खात्यात होती आणि दुसऱ्या कुणासाठी ते दार बंद होतं. तिथे मुस्लिम विणकर होते आणि दार बंदच राहिलं. आपल्या इतिहासातला हा भाग आपण सहसा वाचत नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, नेते डॉ. दत्ता सामंत. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. संपाच्या काळात कापड मात्र थांबलं नाही, ते भिवंडीत विणून घेतलं गेलं. 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी, यंत्रमाग आणि हातमाग यांच्यातला सरकारी भेद बराचसा काढून टाकला आणि पुढे देशातलं निम्म्याहून अधिक कापड यंत्रमागावर निघू लागलं.

इथे माझ्या विषयातली सगळ्यात मोठी गंमत आहे. सरकार प्रत्येक उद्योगाला एक आकडा देतं. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात वस्त्रोद्योग म्हणजे 13 आणि त्यातलं विणकाम 1312. परळचा गिरणी कामगारही 1312 आणि भिवंडीचा मागवालाही 1312. आकडेवारीत माणूस जागचा हललेलाच नाही. पण परळला त्याला हजेरीकार्ड होतं, प्रॉव्हिडंट फंड होता, ईएसआय होतं, युनियन होती, दिवाळीला बोनस होता. भिवंडीत त्याला मीटरवर मजुरी, बारा तासांची पाळी, एका वेळी चार-सहा-आठ माग आणि कानात कायमचा खडखडाट. 1948 च्या मूळ कारखाना कायद्यात वीज वापरणाऱ्या जागेत दहा कामगार झाले की कायदा लागू होत असे. त्यामुळे एकाच छपराखाली चार नावांनी चार कारखाने झाले : एक मालकाच्या, एक भावाच्या, एक बायकोच्या, एक मेहुण्याच्या. कायद्याला दिसतील असे दहा जण कुठेच नाहीत. कायदा बाहेरच राहिला आणि आपण त्याला ‘घरचा धंदा’ म्हणू लागलो.

रक्ताचा प्रश्न इथे सुटतो. ज्याला आपण समाजाची धंद्याची आवड म्हणतो, त्यातला मोठा भाग हा पगारी काम तुकड्या-तुकड्यांत फोडलं गेल्याचा परिणाम आहे.

आता भिवंडीतच पुढचा बदल चालू आहे. मुंबईत जकात होती तेव्हा माल शहराच्या वेशीबाहेर ठेवणं परवडायचं, म्हणून भिवंडीच्या आजूबाजूला, काल्हेर, राहनाळ, दापोडे, मानकोली, पूर्णा अशा गावांमध्ये गोदामं उठली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. तरी गोदामं कमी झाली नाहीत, कारण आता कंपन्यांना प्रत्येक राज्यात छोटं गोदाम ठेवण्याऐवजी एक मोठं ठेवणं सोयीचं झालं आणि त्यात ऑनलाइन खरेदीची भर पडली. त्याच वर्षांमध्ये यंत्रमागाला मात्र एकामागून एक धक्के बसले. 2016 ची नोटबंदी, सुताचे चढते-उतरते भाव, विजेचं बिल, मग लॉकडाऊन. माग भंगारात विकले गेले.

पाठ्यपुस्तक हे पाहून टाळी वाजवेल. कारखानदारीतून सेवाक्षेत्रात! 1312 मधून 5210 मध्ये, म्हणजे गोदाम आणि साठवणूक. पण जमिनीवर काय झालं बघा. भाडं मिळालं ते गोदामाखालच्या जमिनीच्या मालकाला. मागाच्या मालकाकडे शहरातला गाळा होता, गावाकडची जमीन नव्हती. मागवाल्याकडे दोन्ही नव्हतं. आणि मागवाल्याचं जे कसब, चालत्या मागाच्या आवाजावरून सूत तुटल्याचं ओळखणारा त्याचा कान, त्याची गोदामात काही किंमत नाही. तिथे लागते ती पाठ आणि विशीतलं वय. पंचेचाळिशीचा मागवाला गोदामात गेला तर तो वीस वर्षांच्या अनुभवाचा कारागीर राहत नाही, तो वय झालेला हमाल होतो. म्हणून तो जातच नाही. उरलेल्या मागांवर कमी दराने काम करत राहतो, नाहीतर गावी जातो, नाहीतर चहाची हातगाडी लावतो. हातगाडी लावली की तो पुन्हा ‘स्वयंरोजगारी’ झाला.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. अमेरिकेत चिनी मालामुळे ज्या भागांतले कारखाने बसले, तिथे काय झालं याचा अभ्यास ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केला. पुस्तकाप्रमाणे ते कामगार दुसऱ्या उद्योगात किंवा दुसऱ्या शहरात जायला हवे होते. फारसे गेले नाहीत. कित्येक जण कामाच्या बाजारातूनच बाहेर पडले. चाळिशी ओलांडलेला माणूस सहसा उद्योग बदलत नाही, मग तो नॉर्थ कॅरोलायनाचा असो की नागावचा.

मग अर्थव्यवस्था बदलते कशी? ती बऱ्याच अंशी बदलते पहिल्यांदा कामाला लागणाऱ्यांमुळे. बाप शेतीतच राहतो, मुलगा जात नाही, आणि तीस वर्षांनी आकडेवारी सांगते की लोकांनी शेती सोडली. पोर्झिओ, रॉस्सी आणि सांतांजेलो या तिघांचा 2022 मधला निबंध अनेक देशांच्या आकड्यांवरून हेच दाखवतो, आणि त्यात मोठा हात शाळेचा आहे असं सांगतो. शिकलेली पिढी शेतीत उतरतच नाही. म्हणजे मी ज्याला आर्थिक बदल म्हणतो, तो खरं तर बराचसा सोळा ते बावीस या वयात घडतो. तुमच्या वयात. दहावीनंतर काय करायचं, याची जी बैठक तुमच्या घरात अब्बा, चाचा आणि मामू यांच्यात होते, ती बैठक म्हणजेच माझा प्रबंध.

त्या बैठकीत काय होतं, यावर एक फार चांगला अभ्यास मुंबईतच झाला आहे. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग, 2006. त्यांनी दादर परिसरातल्या शाळांमधून 1982 ते 2001 या वीस वर्षांची माहिती घेतली. प्रश्न साधा होता : आई-बाप मुलाला मराठी माध्यमात घालतात की इंग्रजी? 1990 नंतर इंग्रजी येणाऱ्याला मिळणारा पगार झपाट्याने वाढला. मग सगळ्यांनी इंग्रजीकडे धाव घ्यायला हवी होती. पण कष्टकरी जातींमधली मुलं मराठी माध्यमातच राहिली. कारण गिरणी, गोदी, रेल्वे इथे काका-मामाच्या ओळखीने लागायची सवय होती आणि त्या कामाला इंग्रजी लागत नव्हतं. मुलींना मात्र ही ओळखीची साखळी कधी मिळालीच नव्हती. त्यांना अडवणारं काही नव्हतं. त्या इंग्रजीकडे गेल्या आणि त्या जातींमध्ये मुली मुलांच्या पुढे निघाल्या.

हा निष्कर्ष मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला दादर दिसलं नाही, आपले मोहल्ले दिसले. तिथली मुलगी बारावीला, बी.एस्सी.ला, डी.एड.ला. तिचा भाऊ नववीतून उठून गॅरेजवर, मागावर, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. मग तिला तिच्याइतका शिकलेला नवरा मिळत नाही म्हणून सगळे काळजीत. मुलगा आळशी आहे, मोबाइलमुळे बिघडला, असं म्हणून आपण मोकळे होतो. मुलगा आळशी नाही. त्याला पंधराव्या वर्षी काम देणारा मामू आहे. पंधराव्या वर्षी हातात पैसा देणारी साखळी पंचविसाव्या वर्षी त्याला तिथेच बांधून ठेवते. कोकणातल्या मित्रांना हे वेगळं सांगायला नको. आधी बोटीवर, 1973 च्या तेलाच्या भाववाढीनंतर आखातात. गावातला एक जण कुवेतला लागला की त्याने मागून दहा जण नेले. त्या पैशातून घरं उभी राहिली, बहिणींची लग्नं झाली, ते काही खोटं नाही. पण व्हिसा येणारच आहे म्हणून किती जणांनी शाळा सोडली, ते तुमच्या गावात मोजून बघा.

इथे कुणीतरी विचारेल, आणि विचारलंच पाहिजे : मुलगा शिकला तरी नोकरी देतो कोण? बरोबर आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी 2007 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना उत्तर म्हणून खाजगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा : उच्चजातीय हिंदू, दलित, मुस्लिम. मुस्लिम नावाच्या अर्जांना पुढचं बोलावणं यायची शक्यता सगळ्यात कमी निघाली. म्हणजे अब्बा जेव्हा म्हणतात, ‘पढ़ के क्या करेगा, आपल्याला कोण घेतं,’ तेव्हा ते हवेत बोलत नसतात. मामूची साखळी ही बंद दाराला दिलेलं उत्तर आहे. माझं भांडण साखळीशी नाही. माझं म्हणणं एवढंच की बंद दार आणि साखळी एकमेकांना पोसतात. दार बंद म्हणून आपण अर्ज करत नाही, आणि कुणी अर्जच करत नाही म्हणून ‘यांना नोकरी नकोच असते’ हे वाक्य पुढच्या पिढीला आयतं मिळतं. हे तुटायचं असेल तर भेदभावाविरुद्ध कायदा लागेल, त्यासाठी आवाज उठवायला लागेल, ते काम चळवळीचं आहे. आणि ज्या दोन-चार दारांना फट आहे, तिथे पोहोचलेल्याने मागच्यासाठी मामू व्हावं लागेल. आखातात आपल्याला हे जमलं. बँकेत, न्यायालयात, विद्यापीठात, एमपीएससीत का जमत नाही, याचं मला पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही.

मुलींबद्दल मात्र मी दादरच्या अभ्यासावर थांबत नाही. तिथे साखळी नसणं मुलींच्या पथ्यावर पडलं, हे खरं. पण शाळेतून बाहेर पडल्यावर साखळी लागतेच. आपल्या बी.एस्सी. झालेल्या मुली जातात कुठे, हे कुठल्याच सर्वेक्षणात नीट दिसत नाही. ‘घरकाम’ या रकान्यात त्या दिसेनाशा होतात, आणि त्यातल्या काही जणी दुपारी शिकवण्या घेत असतात, ड्रेस शिवत असतात, तेही तिथे येत नाही. यावर कुणी संशोधन करायला घेतलं तर मी माझं काम बाजूला ठेवून मदत करीन.

संशोधनाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, हे काम करायला परदेशी जावं लागत नाही. श्रमशक्ती सर्वेक्षणाची घराघराची कच्ची माहिती, नावं काढून, सरकारच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. त्यात धर्म आहे, शिक्षण आहे, उद्योगाचा आकडा आहे, व्यवसायाचा आकडा आहे. बी.ए.च्या विद्यार्थ्याला जमेल असं काम आहे. फक्त त्याची मर्यादा ओळखा. शहरातल्या एका घराकडे ते लोक 2024 पर्यंत ओळीने चार तिमाह्या जात असत. मधेच ते घर दुसरीकडे गेलं तर यादीतून गळतं. म्हणजे जो माणूस सगळ्यात जास्त हलतो, तोच हातातून निसटतो. आणि आजोबा काय करत होते, हे त्यात विचारतच नाहीत. ते घरी बसून विचारावं लागतं.

म्हणून आज रात्रीचं काम. प्रत्येकाने एक कागद घ्यायचा आणि त्यावर तीन पिढ्या मांडायच्या. दादा-दादी, नाना-नानी, अब्बा-अम्मी, भाऊ-बहिणी, आणि तुम्ही. प्रत्येकापुढे चार गोष्टी : पहिलं काम कोणतं, कितव्या वर्षी लागलं, कुणाच्या ओळखीने लागलं, आणि ते सुटलं तर का सुटलं. बायकांच्या रकान्यात ‘काही नाही’ असं लिहायचं नाही. दादी काय करत होती ते फोन करून विचारा. कांड्या भरत होती, विड्या वळत होती, म्हशी राखत होती, काहीतरी निघेलच. माहीत नसेल तिथे जागा मोकळी सोडा, अंदाजाने भरू नका.

उद्या सकाळी साडेनऊला कागद घेऊन या. भिंतीवर सगळे लावू आणि तिसरा रकाना, ओळखीचा, आधी वाचू.